लाल कड्यापलीकडची सावली

अशी कल्पना करा की एक काम तुमच्यावर सोपवलंय. शहरातून आलेल्या दोन बायका तुमच्या मागून चालताहेत. एकीच्या पायात नवेकोरे बूट आहेत, दुसरीच्या छातीत जुना दमा. समोर सुवैरचा डोंगर उभा आहे, पायथ्याला काळसर, कमरेला गुलाबी आणि माथ्यावर उन्हाने जवळजवळ पांढरा पडलेला. तुम्ही त्यांना वर न्यायचं, वाटेतलं पाण्याचं कुंड दाखवायचं, माथ्यावर घटकाभर बसवायचं आणि खोऱ्याच्या पूर्वेला जो लाल कडा आहे, त्याच्या माथ्यावरचं शेवटचं ऊन विझायच्या आत घरच्या तंबूत परत आणायचं. पायवाट अशी नाही. अधूनमधून दगडावर दगड ठेवलेले दिसतील, पण ते ज्यांनी ठेवले त्यांनी आपल्या शेळ्यांच्या हिशोबाने ठेवलेत, पाहुण्यांच्या नाही. आणि उशीर झाला, तर हे काम पुन्हा तुम्हाला मिळणार नाही. तुम्हालाच काय, तुमच्या टोळीतल्या कुठल्याच बाईला मिळणार नाही.

नुवैजाला हे काम हवं होतं.

सिनाईच्या दक्षिण डोंगरांतल्या त्या खोऱ्यात ती जन्मली, तिथेच वाढली, आणि लग्न होऊन गेली तीही चार तंबू पलीकडे, आत्याच्या घरी. चालता यायला लागलं तशी ती शेळ्यांच्या मागे जाऊ लागली. कुठल्या घळीत पाऊस पडून गेल्यावर किती दिवस पाणी टिकतं, डोंगरी बोकड पहाटे कुठल्या बाजूने उतरतात, कुठली गुलाबी शिळा सकाळी थंड असते आणि कुठली रात्रीची ऊब धरून ठेवते, हे तिला कुणी शिकवलं नाही. शेळ्यांमागे फिरताना ते आपोआप अंगात आलं. दोन मुलं किनाऱ्यावरच्या गावात गाड्या चालवतात, मुलगी सासरी गेली. नवरा औदा पाहुण्यांना डोंगरावर नेतो. वर्षानुवर्षं नेतोय. उन्हाळ्याचे कडक महिने सोडले तर तो घरी कमी आणि माथ्यावर जास्त.

हा सगळा भाग सरकारी संरक्षित उद्यानात येतो. खोऱ्याच्या तोंडाशी चौकी आहे, लाकूड तोडू नये, झुडपं उपटू नयेत अशी पाटी आहे. टोळीतले म्हातारे त्या पाटीकडे बघून गालातल्या गालात हसतात, कारण वरच्या खोऱ्यात वसंतात शेळ्या न्यायच्या नाहीत हा नियम त्यांच्या आजोबांनी घातला होता आणि त्यासाठी कधी पाटी लागली नव्हती.

गेल्या हिवाळ्याआधी कैरोच्या काही बायका औदाच्या मागे डोंगर चढून आल्या आणि उतरल्यावर नुवैजाच्या तंबूत चहाला टेकल्या. त्यातल्या एकीने विचारलं, की या डोंगरात तुम्ही बायका कधी पाहुणे नेत नाही का? नुवैजा हसली, पण तो प्रश्न तिला चिकटून बसला. फक्त बायकांना न्यायचं, दिवसाउजेडी न्यायचं, यात काय वावगं? तिने हाज मुसल्लमला विचारलं. मुसल्लम म्हणजे टोळीतला जाणता माणूस, मक्केला जाऊन आल्यामुळे हाज, भांडणं त्याच्यासमोर येतात, आणि नात्याने तो तिचा चुलतसासरा. तो नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. सगळा हिवाळा कॉफी पीत विचार करत बसला.

सगळ्यात मोठा आवाज केला तो हाज्जा फर्हानाने. हाज्जा फर्हाना ही नुवैजाची सासू, आणि वडिलांची बहीण, म्हणजे आत्याच. तिचं म्हणणं असं, की सून पाहुण्यांना घेऊन डोंगर हुंदडणार आणि शेळ्या कोण राखणार, हिची म्हातारी आत्या? गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसतं, काळी शेळी आणि काळा दगड यांत फरक कळत नाही. हे ती पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत असे. मग एके दिवशी कुणी काही न विचारता म्हणाली, एकदा जाऊन ये, म्हणजे तुझी हौस फिटेल आणि माझे कान सुटतील.

शेवटी मुसल्लमने अट घातली. पाहुण्या बायकाच असाव्यात. आणि कड्यावरचं ऊन जायच्या आत तंबूत परत यावं. एकदा करून दाखव. जमलं तर पुढे बघू, नाही जमलं तर हा विषय माझ्याकडे परत आणायचा नाही.

औदाने तिला वाटेबद्दल काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. फक्त माथ्यावरच्या संध्याकाळबद्दल बोलला. पाहुण्या तेच विचारतील, म्हणाला. कारण माथ्यावरून सूर्य बुडताना बघितला, की सुवैरची सावली पूर्वेला सुरीसारखी टोकदार होऊन पसरते, लाल कडा ओलांडते, समुद्र ओलांडते आणि पलीकडच्या देशातल्या डोंगरांना जाऊन लागते. हे तो दरवेळी सांगतो. औदाचा भाऊ, जो त्याच्याइतक्याच वेळा वर गेलाय, तो म्हणतो की सावली समुद्राच्या अलीकडेच विरून जाते. दोघांचं यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं.

नुवैजाने ती सावली जन्मभर पाहिलीय, पण खालून. शेळ्या वळवायच्या वेळेला ती डोंगराच्या पायातून निघते, खोऱ्यातून सरपटत येते, शेळ्यांच्या पाठीवरून, तिच्या स्वतःच्या अंगावरून जाते, आणि लाल कडा चढायला लागते. कड्याच्या माथ्यावर पोहोचली की संपलं. पलीकडे काय होतं ते खालून दिसत नाही. वरून बघावं तर त्या वेळी नुवैजा कधीच वर नसते. त्या वेळी शेळ्या मोजायच्या असतात, चूल पेटवायची असते.

पाहुण्या आल्या त्या अलेक्झांड्रियाहून. एक इन्साफ नावाची निवृत्त शिक्षिका, मुलींना कवायत शिकवलेली, साठी उलटलेली, आवाज खणखणीत. तिला सगळे अब्ला इन्साफ म्हणत, म्हणजे आपण शाळेत नुसतं 'बाई' म्हणतो तसं. दुसरी तिची भाची दालिया, जिला मावशीची काळजी करण्यापलीकडे सुट्टीत दुसरं काम उरलेलं नव्हतं. मावशीला दमा आहे हे दालियाने चहा यायच्या आधी सांगितलं. मावशी सिगारेट ओढते हे चहा आल्यावर सांगितलं. अब्ला म्हणाली, "हिला आयुष्यात फक्त माझ्या चुगल्या करायला जन्माला घातलीय."

नुवैजाला ती बाई तेव्हाच आवडली.

उजाडता उजाडता त्या निघाल्या. खोऱ्यातली वाट लांब, पण सपाट. पाऊस बरा झाल्यामुळे वाळूत बारीक जांभळी फुलं होती, आणि दालिया प्रत्येक फुलापाशी वाकत होती. काळ्या दगडाच्या सरळ रेघा गुलाबी डोंगरात तळापासून माथ्यापर्यंत गेलेल्या होत्या, कुणी सुरम्याने ओढल्यासारख्या. अब्लाने विचारलं, हे कसं झालं. नुवैजा म्हणाली, मला माहीत नाही, पण त्या रेघेच्या कडेने नेहमी पाणी असतं. अब्लाला ते उत्तर पुरलं.

खोरं संपून चढ सुरू होतो तिथे एक जुनी बाभूळ आहे. तिला ठेवीची बाभूळ म्हणतात. तिच्या फांद्यांना कायम काहीतरी टांगलेलं असतं. कुणाची पिठाची पिशवी, कुणाचं पाण्याचं कातडी भांडं, कुणाची हिवाळ्यातली गोधडी. माणूस डोंगरात जाताना जड सामान टांगून जातो आणि परतताना घेतो. कधी आठवड्याने परततो, कधी पुढच्या मोसमात. टांगलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. भुकेलेला माणूससुद्धा पिठाखाली बसून राहील, पण पिशवी सोडणार नाही. चोराला टोळीत तोंड दाखवता येतं, तो दंड भरतो आणि विषय मिटतो. झाडावरची वस्तू काढणाऱ्याचं नाव मात्र नातवंडांपर्यंत पोहोचतं.

नुवैजाने परतीच्या भाकरीचं पीठ तिथे टांगलं, आणि अब्लाने विचारलं म्हणून हे सगळं सांगितलंही. अब्ला ऐकून खूश झाली. म्हणाली, आमच्याकडे वाळत घातलेले कपडे उरत नाहीत. मग तिघी सावलीत बसल्या, खजूर खाल्ले. बसताना अब्लाने आपली निळी पिशवी काढून पिठाच्या शेजारच्या फांदीला अडकवली.

निघताना अब्ला पुढे झाली, दालिया तिच्यामागे, आणि नुवैजा सगळ्यात शेवटी. तिने मागे वळून पाहिलं तर निळी पिशवी फांदीवरच होती.

तिला बरं वाटलं. किती लवकर शिकली ही बाई. चढायचं तर ओझं कशाला, इथे टांगून जावं, येताना घ्यावं. शहरातल्या माणसाला झाडावर एवढा भरवसा ठेवायला वर्ष लागेल असं तिला वाटलं होतं. बोलून दाखवलं तर अब्ला संकोचेल, म्हणून नुवैजा काही बोलली नाही. मनातल्या मनात हसत वर चढली.

कुंडापर्यंत सगळं छान झालं. डोंगराच्या पोटात ते कुंड आहे, काठाला जंगली अंजिराचं झाड, खडकातून पाणी ठिबकतं आणि ओल्या भेगांत नाजूक नेचे लोंबतात. दालियाने बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ तिला मावशीची आठवण राहिली नाही. समोरच्या उतारावरून एक डोंगरी बोकड त्यांच्याकडे बघत उभा होता, शिंगं पाठीपर्यंत वळलेली. नुवैजाने त्याला ओळखलं. गेल्या वर्षी त्याचं एक शिंग टोकाला मोडलं होतं. तिने ते अब्लाला दाखवलं आणि अब्ला म्हणाली, निवृत्त दिसतोय, माझ्यासारखाच.

अब्लाचा दम गेला तो शेवटच्या घळीत. तिथे भुसभुशीत माती आहे, पाय टाकला की धूळ उडते. माथ्यावर पोहोचताच अब्ला एका शिळेवर बसली आणि उठेना. आधी वाटलं बघत बसलीय. चहूबाजूंनी डोंगरच डोंगर, तांबडे, करडे, निळे, एकामागे एक, आणि पूर्वेला लाल कड्याच्या वर समुद्राची बारीक पट्टी. पण तिचे खांदे वरखाली होत होते, आणि श्वासात शिट्टी वाजत होती. तिने खांद्याशी हात नेला, मग कमरेशी, मग दालियाकडे पाहिलं.

"पिशवी," दालिया म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मावशी, पंप पिशवीत आहे. पिशवी कुठेय?"

"झाडावर," नुवैजा म्हणाली. "त्यांनी टांगलीय ना."

"टांगलीय म्हणजे? ती विसरलीय. तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली."

"मग घेतली का नाही?"

नुवैजाला हा प्रश्न खरोखरच कळला नाही. टांगलेली वस्तू कशी घेणार? मग हळूहळू उजेड पडला. टांगणं आणि विसरणं यांत काही फरक असू शकतो, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिच्या ओळखीतलं कुणी आजवर झाडावर काही विसरलं नव्हतं.

तिने अब्लाला शिळेला टेकवून ताठ बसवलं, गळ्याचा रुमाल सैल केला, घोट घोट पाणी द्यायला दालियाला सांगितलं. घाबरण्याइतकं नव्हतं, पण पंपाशिवाय ती घळ उतरणं शक्य नव्हतं. नुवैजाने चपलेचे पट्टे आवळले. निघायला वळली आणि थांबली.

"अब्ला, तोंडाने सांगा."

"काय सांगा?" दालिया म्हणाली. "अहो जा ना. तिला श्वास घेता येत नाहीये."

"पिशवी त्यांची आहे. त्यांनी तोंडाने म्हटल्याशिवाय मी झाडावरून काढू शकत नाही. तू ऐकून ठेव. साक्षीला तूच आहेस."

दालिया रडायच्या बेतात होती. अब्लाने मात्र हात वर केला, वर्गात गप्प करतात तसा. दोन श्वास गोळा केले.

"काढ," ती म्हणाली. मग शिट्टी वाजली. "काढ बाई. माझी पिशवी."

आणि त्याही अवस्थेत तिच्या ओठाचा एक कोपरा हसला.

नुवैजा घळीतून शेळीसारखी उतरली. धावताना तिला एकच गोष्ट दिसत होती, डोंगराच्या पायाशी जमू लागलेली सावली. अजून ती बारीक होती, पण निघाली होती.

बाभळीखाली हाज्जा फर्हाना होती. शेळ्या खाली पडलेल्या शेंगा खात होत्या, गाढव उभ्या उभ्या झोपलं होतं, आणि म्हातारी दगडावर पाय पसरून बसली होती. सून एकटी धावत येताना बघून ती उठली नाही.

"पाहुण्या विकल्यास का गं?"

नुवैजाने धापा टाकत सगळं सांगितलं. बोलता बोलता हात फांदीकडे गेला. फर्हानाने काठी आडवी घातली.

"परवानगी घेतलीस?"

"घेतली, आत्या."

"साक्षीला कोण?"

"भाची."

तेव्हा कुठे काठी खाली आली. नुवैजाने निळी पिशवी काढून गळ्यात अडकवली. फर्हाना डोळे बारीक करून डोंगराकडे बघत होती. ज्या डोळ्यांना काळी शेळी दिसत नाही म्हणून हिवाळाभर ओरड चालली होती, त्यांना माथ्यावरचे दोन ठिपके नीट दिसत असावेत.

"पोहोचणार नाहीस," ती म्हणाली.

"धावले तर?"

"तू धावशील. दमेकरी धावेल?"

नुवैजाने पिशवीचा पट्टा घट्ट केला. ती वळली आणि पुन्हा चढायला लागली. मागे फर्हाना कुत्र्यावर खेकसली आणि गाढवाला शिव्या घातल्या, ते तिने ऐकलं, पण वळून बघायला वेळ नव्हता.

पंपाने काम केलं. दोन फवाऱ्यांनी शिट्टी बारीक झाली, आणखी थोड्या वेळाने अब्लाच्या गालांना रंग आला. लगेच उठू नका, असं नुवैजानेच सांगितलं, आणि सांगताना तिची नजर पूर्वेला गेली. सावली खोऱ्यात उतरली होती. तिचं टोक अजून बोथट होतं. इथून ते बघायला ती पहिल्यांदाच बसली होती, आणि नेमकं आजच ते बघवत नव्हतं.

उतरताना अब्ला चार पावलं टाकी आणि थांबे. दालियाला अट माहीत होती, आदल्या रात्री चहावर सगळं बोलणं झालं होतं. कुंडापाशी ती हळूच म्हणाली, "तुम्ही पुढे जा ना. अट तुमच्या घरची आहे, आमच्यामुळे कशाला मोडायची? आम्ही इथेच थांबतो, सकाळी कुणाला तरी पाठवा."

तसं करता आलं असतं. एकटी धावली असती तर नुवैजा कड्यावर ऊन असताना तंबूत पोहोचलीही असती. मुसल्लमने अट घातली तेव्हा पाहुण्यांना मागे टाकून येण्याचा विचार त्याच्याही मनाला शिवला नसेल. टोळीतल्या कुणाच्याच मनाला शिवला नसता. नुवैजाने अब्लाचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"घाई नाही," ती म्हणाली.

घाई होती. सावली कड्याच्या पायाला टेकली तेव्हा त्या अजून कुंडाखालच्या उतारावर होत्या. सावली कडा चढू लागली तेव्हा समोर बाभळीचा शेंडा दिसायला लागला. बाभळीपासून घरचे तंबू किती लांब हे नुवैजाला पायांनी माहीत होतं. कड्यावर तांबड्या उन्हाचा पट्टा उरला होता आणि तो वरून नाही, खालून बारीक होत चालला होता. तिने मनाशी मान्य करून टाकलं. एकदा तरी नेलं, एवढं झालं. अब्लाला कुंड आवडलं. बोकड दिसला. पुढच्या वेळेला औदा नेईल.

मग वळण आलं, आणि बाभळीखाली धूर दिसला.

धुराच्या शेजारी तंबू होता. अर्धाच, शेळीच्या केसांच्या काळ्या पट्ट्यांचा, तीन काठ्यांवर वाकडा ताणलेला, एक दोर चक्क बाभळीच्या बुंध्याला बांधलेला. नुवैजाने त्या पट्ट्या स्वतः विणल्या होत्या, एका पट्टीच्या कडेला तिची चुकलेली पांढरी वीण होती. दारात हाज्जा फर्हाना गुडघ्यांवर बसून खुंटी ठोकत होती, आणि गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलत नव्हती.

"ताण तो दोर," सुनेला बघताच ती म्हणाली. "आणि पाहुण्यांना आत घे. बाहेर उभं करून शोभा बघणार आहेस का?"

अब्ला वाकून आत शिरली, तिच्यामागे दालिया, मग नुवैजा. दोर ताणून, फांदीवरचं आपलं पीठ सासूच्या हातात देऊन ती दारात उभी राहिली आणि पूर्वेला पाहिलं. लाल कड्याच्या अगदी माथ्यावर हातभर ऊन शिल्लक होतं.

काय घडलं होतं ते नंतर कळलं. फर्हाना शेळ्या कुत्र्याच्या भरवशावर सोडून गाढवावरून घरी गेली. घरच्या तंबूच्या दोन बाजू असतात, एक बायकांची, एक पुरुषांची, आणि मधला पडदा सोडला तर त्या वेगळ्या करता येतात. बायकांच्या बाजूला भांडी होती, पीठ होतं, अंथरुणं होती, ते सगळं कोण हलवणार. म्हणून तिने पुरुषांची बाजू उसवली. तिथे हाज मुसल्लम आणखी दोन म्हाताऱ्यांबरोबर कॉफी पीत कड्याकडे लक्ष ठेवून बसला होता. फर्हानाने एक शब्द न बोलता त्याच्या डोक्यावरचं छप्पर सोडलं, गुंडाळलं, गाढवावर टाकलं आणि चालू लागली. तिघे म्हातारे गालिच्यावर तसेच बसून राहिले, उघड्या आभाळाखाली, हातात पेले.

आणि त्या छपरामागून मुसल्लम आलाच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कॉफीचं भांडं, कारण ते तिथे सोडलं असतं तर त्या दोघांनी संपवलं असतं. तो तंबूपासून थोडा दूर, पाहुण्यांकडे पाठ करून बसला. भांडं काठीशेजारी वाळूत टेकवलं. कड्यावरचं ऊन बोटभर झालं.

"वहिनी," तो म्हणाला, "घर इथे कधी आलं?"

"मी बांधलं तेव्हा."

"कुणाला विचारून?"

"तुझ्या भावाने चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही घर कुठे बांधतेस म्हणून. तो जिथे धूर दिसेल तिथे येत असे." फर्हाना निखाऱ्यांतून भाकरी उलटत होती, तिने मान वर केली नाही. "तुझं नाक मी पुसलंय, मुसल्लम. माझ्या तंबूत उभं राहून मला जागा विचारू नकोस. उभा पण नाहीस तू. बाहेर बसलायस."

मुसल्लमने काठीने वाळूत रेघ ओढली आणि पुसली. मग त्याने नुवैजाला बोलावलं आणि पिशवीचं विचारलं. कुणी टांगली, कुणी काढली, परवानगी होती का. नुवैजाने सगळं सांगितलं, आपण पिशवी बघूनही सोडून आलो तेही सांगितलं. दालियाने आतून, कुणी विचारलं नसताना, साक्ष दिली. शब्दन् शब्द म्हणून दाखवला, मधल्या शिट्टीसकट. अब्ला खोकल्यासारखं हसली.

"आणि पाहुण्यांना सोडून तू एकटी आली असतीस तर पोहोचली असतीस?"

"पोहोचले असते, काका."

फर्हानाने भाकरीची राख झटकली, तुकडे केले, तूप घातलं आणि पहिला वाटा मुद्दाम त्याच्याकडे धाडला. घरचं अन्न खाणाऱ्या माणसाला हे घर नाही असं म्हणता येत नाही, हे तिला त्याच्याइतकंच माहीत होतं. त्याने वाट्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि खाल्लं.

"पुढच्या महिन्यातही येऊ देत," तो म्हणाला. "बायकाच. अट तीच."

"अट तुझी," फर्हाना म्हणाली. "तंबू माझा. आणि आता ते भांडं इकडे दे, पाहुण्यांना कॉफी कोण देणार?"

नुवैजाला वाटलं होतं आपण रडू किंवा हसू. तिने आधी शेळ्या मोजल्या. एक कमी भरली, मग ती बाभळीमागे सापडली, शेंगा खात.

अंधार पडायच्या आधीच्या त्या निळसर उजेडात सगळे चहा पीत बसले होते. अब्ला म्हणाली, आयुष्यात मी पुष्कळ बागा पाहिल्या, रांगेत लावलेली झाडं, कारंजी, गवतावर चालू नका अशा पाट्या. पण जिथे झाडावर पिशवी टांगून निर्धास्त जाता येतं असं उद्यान पाहिलं नव्हतं. फर्हाना म्हणाली, पुढच्या वेळेला पिशवी गळ्यात ठेवा, निर्धास्त काय निर्धास्त.

नुवैजा अब्लाजवळ सरकली. दिवसभर जे विचारायचं होतं ते आता विचारलं. मी पिशवी आणायला गेले तेव्हा तुम्ही माथ्यावर बसून होतात. सावली बघितलीत का? कुठवर गेली?

अब्लाने आठवून बघितलं. पायथ्याशी निघालेली पाहिली, म्हणाली, मग खोऱ्यात आलेली. टोक यायला लागलं होतं. पण तेवढ्यात आपण उतरायला लागलो.

"काका, तुम्ही तरुणपणी वर होतात ना संध्याकाळी?"

मुसल्लमने कॉफीचं भांडं हलवून बघितलं. "समुद्राच्या अलीकडेच विरते बहुतेक. मी तेव्हा एका हरवलेल्या उंटाकडे बघत होतो."

"औदा म्हणतो पलीकडच्या डोंगरांना लागते."

"पुरुष वर जातात," फर्हाना म्हणाली, "आणि प्रत्येक जण वेगळीच गोष्ट घेऊन खाली येतो."

नुवैजाने डोंगराकडे पाहिलं. माथा आता सपाट काळा दिसत होता. "आत्या," ती म्हणाली, "कुंडाच्या वर, शेवटच्या घळीच्या आधी, एक सपाटी आहे. दोन पट्ट्या मावतील एवढी. तिथून माथा हाकेवर आहे."

फर्हानाने तिच्याकडे बघितलं, मग गाढवाकडे. "हे चढेल का तिथे, ते आधी बघ," ती म्हणाली, आणि काठीने निखारे राखेत सारायला लागली.

लाल कडा विझून करडा झाला होता. नुवैजा चहाचा थंड पेला हातात धरून त्याच्या माथ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं रोज आपल्या अंगावरून जाते ती सावली. त्या कड्यापलीकडे जाऊन तिचं टोक टेकतं तरी कुठे?